वन्यजीव मंडळाच्या सभेला आम्हालाही बोलवा

डिसेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य वन्यजीव मंडळाची बैठक झाली आणि सह्याद्रीतल्या बऱ्याच जंगलपट्ट्यांना संवर्धन राखीव क्षेत्र करायचं ठरलं. सातारा जिल्ह्यातली दोन नावं त्यात होती. एक वाईच्या पश्चिमेचं जोर-जांभळी, दुसरं खटाव तालुक्यातलं मायणी. निर्णय चांगलाच होता. चांदोली-कोयनेच्या जंगलात वाघ टिकायचा असेल तर आजूबाजूची जंगलं तुकड्या-तुकड्यांनी संपता कामा नयेत, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण अशा बैठकीत कोणते विषय येणार आहेत, त्यावर कुणी काय म्हटलं, कुठला प्रस्ताव मागे पडला आणि का, हे डोंगरातल्या माणसाला आधी कळण्याची कसलीही बांधलेली सोय नाही. त्याला कळतो तो निर्णय, आणि तोही बहुतेक वेळा पेपरातल्या चौकटीतून.

माझं म्हणणं सरळ आहे. या मंडळाचं दार उघडावं. विषयपत्रिका आधी मराठीत जाहीर व्हावी, इतिवृत्त नंतर मराठीत मिळावं, आणि ज्या भागाचा विषय आहे तिथे जाऊन लोकांचं ऐकल्याशिवाय तो विषय मंडळापुढे येऊ नये. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी दिल्लीत कायदा बदलायची गरज नाही.

आधी हे मंडळ आहे तरी काय ते पाहू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यातल्या कलम ६ मध्ये मंडळाची रचना दिली आहे. मुख्यमंत्री अध्यक्ष, वनमंत्री उपाध्यक्ष. विधिमंडळाचे ३ सदस्य, स्वयंसेवी संस्थांचे ३ प्रतिनिधी, आणि सरकारने नेमलेले १० नामवंत निसर्गतज्ज्ञ, ज्यांत किमान २ अनुसूचित जमातींचे असावेत. बाकी सगळे पदसिद्ध: वन, आदिवासी विकास, पर्यटन महामंडळ, पोलीस, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, एक लष्करी अधिकारी, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचा आणि वनस्पती व प्राणी सर्वेक्षणांचा एकेक माणूस. मुख्य वन्यजीव रक्षक सदस्य-सचिव. वर्षातून किमान दोनदा बैठक घ्यावी असं कलम ७ सांगतं. यादी पुन्हा पुन्हा वाचली तरी तीत ग्रामपंचायत सापडत नाही, पंचायत समिती नाही, जिल्हा परिषदही नाही. लष्कराला खुर्ची आहे, सरपंचाला नाही.

आणि ते २ अनुसूचित जमातींचे सदस्य? गडचिरोली-मेळघाटसाठी ती तरतूद मोलाची आहे. आमच्या घाटमाथ्यावर मात्र तिचा उपयोग होत नाही. कोयना-चांदोलीच्या जंगलात पिढ्यानपिढ्या म्हशी पाळून राहिलेला गवळी धनगर सरकारदरबारी भटक्या जमातीत मोडतो, अनुसूचित जमातीत नाही. म्हणजे वन्यजीव मंडळात त्याच्यासाठी राखलेली जागा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यातही तो ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो आणि त्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. धनगरवाड्यावर ७५ वर्षांचा कागद कुठून आणायचा? पावसाळ्यात छप्पर कुजतं तिथे सातबारा काय टिकणार! आणि गंमत अशी की वन्यजीव कायद्याच्याच कलम ८ मध्ये मंडळाला एक काम नेमून दिलंय: आदिवासी ‘आणि इतर वननिवासी’ यांच्या गरजांचा वन्यजीव रक्षणाशी मेळ कसा घालावा याचा सल्ला सरकारला देणं. मेळ घालायचा ज्याच्याशी, तोच बैठकीत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल उलटं टाकलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने राज्य मंडळाला स्थायी समिती नेमण्याची मुभा दिली. समितीचा अध्यक्ष मंडळाचा उपाध्यक्षच, म्हणजे वनमंत्री. सदस्य-सचिवही मंडळाचाच, म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षक. आणि सदस्य जास्तीत जास्त १०, तेही मंत्र्यांनीच मंडळातून निवडलेले. मुख्यमंत्र्यांना वर्षातून दोनदा वेळ काढणं अवघड जातं, कामं तुंबतात, म्हणून ही सोय, असं समर्थन करता येईल. करावंच. पण मोठ्या मंडळात एखादा चिवट तज्ज्ञ अडून बसण्याची जी शक्यता असते, ती मंत्र्यांनी हाताने निवडलेल्या १० जणांत किती उरते, हे कारखान्याचं किंवा बँकेचं राजकारण पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कारखान्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सातारा-सांगलीत सभा म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. अहवाल आधी घरी येतो. तो कुणी वाचत नाही, पण येतो. सभेला मांडव भरतो, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो, मागून कुणीतरी ‘नामंजूर’ म्हणून उठतो, माईक मागतो, माईक नेमका त्याच वेळी बंद पडतो, मग विरोधक बाहेर झाडाखाली समांतर सभा घेतात आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही सभांच्या बातम्या शेजारी शेजारी छापून येतात. हे आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण या सगळ्या गोंधळात चेअरमनला वर्षातून एकदा सभासदाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो, ताळेबंद छापावा लागतो, आणि पाच वर्षांनी तोच सभासद मत देणार असतो हे विसरता येत नाही. वन्यजीव मंडळावर असलं कोणतंही दडपण नाही. कोयना-चांदोलीच्या १,१६५ चौरस किलोमीटरच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाविषयी जिथे बोललं जातं, तिथे गावकऱ्याचा ‘नामंजूर’ म्हणणारा आवाज पोचायचा रस्ताच नाही.

इतर कायद्यांत असं नाही, हे विशेष. एखादा मोठा कारखाना किंवा मोठी खाण यायची असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. नगररचना कायद्यात प्रारूप आराखडा जाहीर करून हरकती-सूचना मागवणं बंधनकारक आहे. नवीन महाबळेश्वरच्या गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यावर म्हणूनच लोकांना लेखी हरकती देता आल्या. त्यांचं पुढे काय झालं तो निराळा विषय, पण निदान नोंद झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रासाठीही ग्रामसभेशी सल्लामसलत कायद्यात लिहिली आहे. आणि संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी बोलावं असं कलम ३६-अ म्हणतं. म्हणजे विचारायचं कुठे हे कायद्याला ठाऊक आहे. पण ज्या मंडळाच्या सल्ल्यावर हे सगळं उभं राहतं, अभयारण्यातून रस्ता किंवा वीजवाहिनी न्यायची का यावर जे मत देतं, तिथे मात्र कुणी विचारावं असं बंधन नाही.

आता हरकती मागवणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं तेही बघा. पाटण तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या बाहेर काचेची पेटी आहे, तिला गंजलेलं कुलूप. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा त्यात लावला होता. केंद्राचं राजपत्र, म्हणजे हिंदी आणि इंग्रजी. पानाच्या तळाशी गावांच्या नावांची यादी, तीही रोमन लिपीत, आणि कुणीतरी आपल्या गावाच्या नावाखाली बॉलपेनने रेघ ओढलेली. काचेवर आतून बाष्प धरलं होतं, तेव्हा रेघ दिसत होती, मजकूर नीट दिसत नव्हता. त्या रेघेशिवाय त्या कागदाचा गावाशी दुसरा काही संबंध आला असेल असं वाटत नाही. हरकत ६० दिवसांत दिल्लीला पाठवायची. पर्यावरण मंत्रालयाचा पत्ता जोर बाग रोडचा, तेव्हा वाईच्या जोरच्या माणसाला निदान तो लक्षात ठेवायला सोपा! या मसुद्याची पहिली आवृत्ती मार्च २०१४ ची, सहावी जुलै २०२४ ची. दहा वर्षं सरकार तोच मसुदा काढतंय आणि गावं तीच भीती बाळगून आहेत: आता घर दुरुस्त करता येणार नाही, विहीर खणता येणार नाही. यातलं बरंचसं खोटं आहे. मसुद्याचा रोख खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करणारे उद्योग आणि मोठ्या बांधकामांवर आहे. पण ते मराठीत, गावात येऊन, कुणी सांगितलंच नाही तर अफवा सांगणारा जिंकणारच. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात हेच बजावलं होतं की आधी ग्रामसभांना विचारा, मग ठरवा. त्याऐवजी पुढच्याच वर्षी दुसरी समिती नेमली गेली.

यावर वनखात्यातला किंवा निसर्गप्रेमींतला कुणी म्हणेल, दार उघडलं तर आत कोण येणार ते माहीत आहे ना? रिसॉर्टवाला येईल, जमिनीचा एजंट येईल, रस्त्याचा ठेकेदार येईल, आणि सगळे ‘स्थानिक जनता’ म्हणून येतील. ही भीती खोटी नाही. कास-बामणोली-तापोळ्याच्या रस्त्याने गेलेल्या कुणालाही ती पटेल. कांदाटी खोऱ्यातल्या जमीन खरेदीवरून २०२४ मध्ये किती गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. जावळी-पाटणच्या कितीतरी गावांतली कर्ती माणसं मुंबई-नवी मुंबईत माथाडीत आहेत. गावात म्हातारी माणसं आणि गणपतीला उघडणारी घरं. अशा गावाची ग्रामसभा कोण भरवतं, ठरावावर सह्या कुणाच्या असतात, हे प्रश्न विचारायलाच हवेत. (खरं तर मंडळाने मुंबईतल्या बैठकीचं दार उघडलं तर आमच्या अर्ध्या गावाला ते जवळच पडेल.)

पण बंद दाराने एजंट थांबतो का? त्याला सभेत बोलायची गरज नसते. त्याची मंत्रालयात ओळख असते. बंद खोलीचा फायदा ज्याला आत शिरता येतं त्यालाच होतो. उघड्या सभेत तो बोलला तर निदान त्याचं नाव, त्याची मागणी आणि त्याच्या जमिनीचा गट नंबर इतिवृत्तात येईल. आणि शेजारी बसलेली बाई उठून म्हणेल की हे आमच्या गावचे नव्हेत.

दुसरी शंका मला जास्त वजनदार वाटते. वन्यप्राण्यांच्या प्रश्नाला शास्त्र लागतं, हात वर करून त्याचा निकाल लागत नाही. मान्य. गव्याला किती जंगल लागतं हे मतदानाने ठरू नये. कॅमेरे कुठे लावलेत, वाघ सध्या कुठल्या ओढ्याला आहे, शिकाऱ्यांची खबर कुणाकडून आली, हे बैठकीतही बंद पाकिटातच राहिलं पाहिजे. मंडळाचा अधिकार काढून तो गावाला द्या असं मी म्हणतच नाही. निर्णय त्यांनी घ्यावा, पण ऐकून घ्यावा, आणि जे ऐकलं ते का मानलं नाही हे दोन ओळीत लिहावं.

शिवाय ज्ञान फक्त एका बाजूला असतं असंही नाही. कासच्या पठाराचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासला मग गर्दी लोटली. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समितीने वनखात्याबरोबर ती गर्दी हाताळायला घेतली. तिकीट, पार्किंग, वाटाडे, कचरा. भांडणं झाली, पैशावरून तर झालीच. पण हंगामात हजारो माणसं येऊनही पठार उभं आहे, यात त्या पोरापोरींचा वाटा मोठा आहे. आणि कुंपणाची गोष्ट विसरू नका. पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं, आणि काही वर्षांनी ते काढावं लागलं. गुरं येईनाशी झाली की गवत माजतं आणि फुलांची जागा घेतं, हे गुराखी आधीपासून सांगत होते. त्यांचं म्हणणं कुठल्या तरी बैठकीत वेळेवर नोंदलं गेलं असतं तर जाळीचा खर्च वाचला असता.

सांगली जिल्ह्यात सागरेश्वर आहे. अवघं १०.८७ चौरस किलोमीटर. धों. म. मोहित्यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर लोकांनी उभं केलेलं जंगल, १९८५ मध्ये अभयारण्य झालेलं. लोकसहभाग हा शब्द सरकारी परिपत्रकात येण्याआधीचं हे काम. ज्या कुंडल-देवराष्ट्रे पट्ट्यात प्रतिसरकार चाललं, तिथल्या माणसांना कारभार करता येत नाही असं म्हणायची छाती कुणाची आहे? आज त्याच अभयारण्याच्या भोवतालचा शेतकरी सांबराच्या आणि चितळाच्या कळपापासून पीक राखायला रात्र रात्र माळ्यावर बसतो. हातात बॅटरी, शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा, अंगावर घोंगडं. सकाळी पंचनाम्यासाठी वनरक्षकाला फोन. कायद्याच्या कलम ३३-ब प्रमाणे अभयारण्याला सल्लागार समिती असायची, तिच्यात त्या मतदारसंघाचा आमदार आणि पंचायत राज संस्थांचे ३ प्रतिनिधी असायचे. आपल्या गावातून त्या समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे माळ्यावरच्या त्या माणसाला विचारून बघा. त्याला ते सांगता यावं, एवढी साधी कसोटी मी लावतो. या समित्या जिवंत असत्या तर राज्य मंडळाकडे जाणारा विषय खालूनच चाळून गेला असता. मंडळाला प्रत्येक गावात यायची गरजच पडली नसती.

बत्तीस शिराळ्याचं दुखणं त्याच जातीचं. नागपंचमीला जिवंत नाग पकडायला उच्च न्यायालयाने लगाम घातला, तो कायद्याला धरूनच. नागाला त्रास होत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गावाला आपली बाजू मांडायला कोर्ट, आमदार आणि रस्ता याखेरीज चौथी जागा मिळाली नाही. वन्यजीव मंडळ नेमकं त्यासाठीच असायला हवं होतं.

परदेशात काय करतात हे पाहण्याची आपल्याला हौस असते, म्हणून एक उदाहरण. अमेरिकेत टेक्सास राज्याचा उद्यानं आणि वन्यजीव आयोग आहे. ९ सदस्य, राज्यपालांनी नेमलेले, मुदत सहा वर्षं. बैठका खुल्या असतात, विषयपत्रिका आधी जाहीर होते, सामान्य माणूस नाव नोंदवून ठराविक मिनिटं बोलतो, आणि वर्षातून एकदा कुठल्याही विषयावर बोलायला वेगळी सुनावणी असते. तिथलं सगळं उचलू नये. त्यांच्या खात्याचा बराच डोलारा शिकारीच्या परवान्यांवर उभा आहे, आणि आयोगावर नेमणुका कुणाच्या होतात यावर तिथेही कुरकुर असतेच. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, ती असावीच. पण रांगेत उभं राहून तीन मिनिटं बोलायला काही जंगल तोडावं लागत नाही.

आता हे इथे कसं व्हायचं? कलम ७ प्रमाणे मंडळ आपली कार्यपद्धती स्वतः ठरवतं. म्हणजे पंधरा दिवस आधी विषयपत्रिका जाहीर करू, असा ठराव ते पुढच्याच बैठकीत करू शकतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सरकारी मंडळाने, समितीने आपल्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त लोकांना मिळतं का हे आपणहून जाहीर करायचं आहे, आणि माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा आहे. हे २००५ पासून छापलेलं आहे. राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीची इतिवृत्तं इंटरनेटवर मिळतात. राज्याने तीच गोष्ट मराठीत केली तर आकाश कोसळणार नाही. ज्या प्रस्तावाने एखाद्या गावाची गुरं, वाट किंवा पाणी बदलणार आहे, त्याची सुनावणी मंडळाच्या दोन-तीन सदस्यांनी कराडला, शिराळ्याला, वाईला येऊन घ्यावी. एक दिवसाचं काम. फक्त ग्रामपंचायतीला कायमची जागा द्यायची असेल तर कलम ६ ला हात लावावा लागेल, ते दिल्लीचं काम आहे. तोवर १० तज्ज्ञांच्या जागांत घाटमाथ्यावरचा एखादा जाणकार गवळी धनगर नेमायला सरकारला कुणी अडवलेलं नाही. निसर्गतज्ज्ञ म्हणजे पदवीधरच, असं कलमात कुठे लिहिलंय?

हे आपोआप होणार नाही, आणि मंत्रालयाकडून होईल याची वाट बघण्यातही हशील नाही. कोयना, चांदोली, सागरेश्वर, मायणी, जोर-जांभळी यांच्या कडेच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत एका पानाचा ठराव घ्यावा: आमच्या क्षेत्राविषयीचा विषय राज्य मंडळापुढे किंवा स्थायी समितीपुढे येणार असेल तर त्याची मराठी प्रत बैठकीच्या पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीला मिळावी, आमचं लेखी म्हणणं बैठकीत वाचलं जावं, आणि सल्लागार समितीवर आमच्या भागातून कोण आहे ते आम्हाला लेखी कळवावं. ठराव मुख्य वन्यजीव रक्षकांना नागपूरला पाठवायचा, एक प्रत आमदारांना, एक व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयाला. पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मजकुराचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.